उत्कर्षाचा उजवा गुडघा

"कट."

मी ओट्याशी कणीक मळत होते आणि खिडकीबाहेर परसात उत्कर्षा खांद्यावर झाडूचा दांडा आडवा धरून बैठका काढत होती. खाली बसताना आवाज नव्हता. वर उठताना, अर्ध्यावर आली की नेमका कट. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

"उत्कर्षा, काय वाजतंय गं?"

"काय न्हाई ओ बाई. झाडू."

झाडू म्हणे! मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. प्लॅस्टिकच्या दांड्यातून असा आवाज येत नाही एवढं तरी मला कळतं. शिवाय निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि ज्या बाईने हयातभर मुलांना "का?" विचारायला शिकवलं तिने म्हातारपणी गप्प बसावं ही अपेक्षा चुकीची आहे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "चारुलता, तुझ्या नाकाला चाकं लावली असती तर ते सांगलीभर फिरलं असतं." तर मी कणकेचे हात तसेच घेऊन परसात गेले.

उत्कर्षा माझ्या विश्रामबागेतल्या घरात वरच्या खोलीत राहायची. जतकडची, धनगराची पोर. कॉलेजात नाव होतं, पण खरा जीव वेटलिफ्टिंगमध्ये. रोज सायंकाळी दिग्विजय सरांच्या हॉलमध्ये जायची आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त लोखंड डोक्यावर धरून यायची. आल्यावर माझ्याकडून मूठभर शेंगदाणे मागायची. मला ती फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो आगाऊपणा केला त्याचं कारण शोधत बसायला नको.

"पुन्हा बस," मी म्हटलं.

ती बसली, उठली. कट. आणि त्याच क्षणी तिचा खालचा ओठ दाताखाली गेला.

"दुखतंय."

"न्हाई."

"ओठ का चावलास मग?"

तिने दांडा खाली ठेवला आणि पायरीवर बसली. "उजव्या गुडघ्यात," ती म्हणाली. "वाटीच्या म्होरं. उठताना सुई टोचल्यागत व्हतंय. बाई, सरांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

मग सगळं बाहेर आलं. मार्गशीर्षात साताऱ्याला राज्याच्या संघाची निवड होती. दिग्विजय सर गुडघ्याचं रडगाणं ऐकलं की त्या मुलीचं नाव खोडायचे; आदल्या वर्षी एकीला असंच घरी बसवलं होतं. आणि तिच्या वडिलांनी, भाऊसोंनी, स्पष्ट बजावलं होतं: "ह्या साली नाव लागलं तर लागलं. न्हाईतर गप परत यायचं." परत म्हणजे मेंढरांमागे, आणि वर्षभरात कुणाच्या तरी घरी सून म्हणून. आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं आजीने, बनाबाईने, आणि सांगलीला धाडलं तेही तिनेच, मुलाशी भांडून.

"सरांना नाही सांगणार," मी म्हटलं. "पण डॉक्टरकडे यायचं. उद्याच."

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड ठणठणीत. गुडघा वाकवून, दाबून, हलवून पाहिला. म्हणाले, "आवाजाचं मनावर घेऊ नका. पुष्कळांचे गुडघे वाजतात. दुखतंय तेवढं बघा. थोडे दिवस बैठका बंद, मग हळूहळू सुरू करा."

डॉक्टर अगदी बरोबर बोलले होते, पण मी त्यातलं नको तेवढंच ऐकलं. मला आवाजानेच झपाटलं होतं. तो येतो कुठून? बसताना का नाही, उठतानाच का? उत्कर्षाने विश्रांती घेतली तेव्हा दुखणं गेलं. बैठका सुरू केल्या तसं पुन्हा आलं. आवाज मात्र दोन्ही वेळा होताच. आमच्या ह्यांच्या रक्तदाबाच्या यंत्राबरोबर आलेला स्टेथोस्कोप मी कपाटातून काढला आणि त्या पोरीला खुर्चीत बसवून तिच्या गुडघ्याला लावला. आत चिवडा खाल्ल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला भारी आनंद झाला. उत्कर्षाला झाला नाही.

"बाई, कळलं का काय?"

"आवाज वाटीच्या बाहेरच्या बाजूने येतोय."

"मग आता?"

मग आता काय, ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या लीलाबाईंनी डिंकाचे लाडू दिले, "वंगण आटलंय" असं निदानही दिलं. हॉलमधल्या मैत्रिणीने गुडघ्याला घट्ट पट्टा बांधायला सांगितला. पट्टा बांधला की आवाज दबायचा, आणि आवाज दबला की आम्हाला दोघींना वाटायचं, बरं चाललंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा सगळा प्रकार. पण ही अक्कल नंतरची.

मार्गशीर्ष आला. सरांच्या हॉलमधल्या मुलींची गाडी साताऱ्याला जाणार होती, पण उत्कर्षाला आदल्या दिवशीच निघायचं होतं. तिच्या घरच्यांचा वाडा तेव्हा कराडजवळ बसला होता. वाडा म्हणजे घर नव्हे; मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून जो संसार चाऱ्यामागे फिरतो तो. सुगी झाली की तो जतच्या माळावरून कृष्णेच्या काठाला येतो, कारण इथल्या शेतकऱ्यांना रानात मेंढरं बसवून हवी असतात, लेंडीखतासाठी. तिला जाण्याआधी आजीच्या पाया पडायचं होतं. "मीही येते," मी म्हटलं. मला साताऱ्यात काही काम नव्हतं. पण त्या गुडघ्याचं पुढे काय होतं हे बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

एसटीने कराडला उतरलो आणि पुढे रिक्षाने गेलो. ऊस तुटून गेलेलं रान, त्यात जाळी लावलेली, आणि जाळीत मेंढरंच मेंढरं. भाऊसो कुठेतरी चाऱ्याच्या तजविजीला गेले होते. बनाबाई एकट्याच होत्या. किरकोळ अंगाच्या, काळ्यासावळ्या, डोईवर पदर, कपाळभर कुंकू, हातात हनुवटीला लागेल एवढी काठी. नातीला बघून त्यांनी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली.

"ह्या आमच्या बाई," उत्कर्षाने सांगितलं.

"आवं मास्तरीणबाई, बसा की. पोरीला जीव लावताय, लय उपकार झालं." मला घोंगडं अंथरून दिलं. चहा झाला, तोही मेंढीच्या दुधाचा, दाट आणि जरा उग्र. मग त्या नातीकडे वळल्या. "आगं, तिकडं काय करतीस ती दाव तर खरं. भाऊसो म्हंतोय लोकंड उचलतीया. कशी उचलतीस?"

"हितं कुठलं लोखंड, आजे?"

"मेंढरू हाय की!"

आणि त्या पोरीने खरंच एक पोसलेली मेंढी उचलली, मानेवर आडवी घेतली, चारी पाय पुढे हातात धरले आणि रानाच्या कडेला जाऊन खाली बसली. मेंढीने बें केलं. उत्कर्षा उठली. कट. आणि ओठ दाताखाली.

बनाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय झालं गं?"

"काय न्हाई. गुडघा वाजतोय जरा."

"वाजंना का! माझं बी वाजतंय की. हे ऐक." बनाबाई तिथल्या तिथे उकिडव्या बसल्या आणि उठल्या. काय सांगू! दोन्ही गुडघ्यांतून लाह्या फुटल्या. परत बसल्या, परत उठल्या, परत लाह्या. हसत होत्या.

माझं कुतूहल उसळलं. "दुखत नाही तुम्हाला?"

"दुखाय कशाला? वाजाय लागून लय सालं झाली. वाजायचं काम त्येचं, चालायचं काम माजं."

मी घोंगड्यावर बसल्या बसल्या हादरले. चार महिने मी आवाजाच्या मागे धावत होते. इथे आवाज नातीपेक्षा मोठा, आणि दुखणं मुळीच नाही. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण कानाने ऐकल्याशिवाय पटेल ती चारुलता कसली. आवाजाला मी मनातून सोडून दिलं. मग दुखतं कशाने?

कुठून तरी सुरुवात करायची म्हणून मी उठून उत्कर्षा बसली होती ती जागा बघायला गेले. तिथून पाण्याचा पाट जात होता, माती ओलसर होती आणि तिची पावलं तिथे स्वच्छ उमटली होती. मी चष्मा पुसून पाहिलं. उजवं पाऊल खोल रुतलेलं, टाच तर बोटभर आत. डावं नुसतं वरवर, जेमतेम बोटांचे ठसे. जणू दोन वेगळ्या माणसांची पावलं.

"उत्कर्षा, परत बस बघू. मेंढीसकट."

"बाई, मेंढीला बी जीव हाय."

तरी बसली. मी या वेळी गुडघ्याकडे पाहिलंच नाही. मागे जाऊन उभी राहिले. खाली गेली तेव्हा सरळ होती. वर येताना अर्ध्यावर तिची कंबर हळूच उजवीकडे सरकली, मेंढी उजवीकडे कलली, आणि सगळा भार उजव्या पायाने उचलला. डावा पाय नुसता सोबतीला. कामचुकार जावेसारखा, हजर सगळीकडे आणि कामात कुठेच नाही.

पण असं का? डाव्या पायाला काही झालं होतं का लहानपणी? पडली होती? मी बनाबाईंना विचारायला वळले, आणि विचारायचं राहूनच गेलं.

मेंढरं एका बाजूला पांगायला लागली होती म्हणून बनाबाई बांधावर जाऊन उभ्या होत्या. काठी काखेशी, हनुवटी काठीवर, उजवा पाय जमिनीत रोवलेला आणि डाव्या पायाचा तळवा उजव्या गुडघ्याला लावून ठेवलेला. एका पायावर, तासन्‌तास उभं राहता येईल अशा आरामात. मी धनगर असे उभे राहिलेले रस्त्यावरून हजारदा पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील. पाहतो आणि पुढे जातो.

उत्कर्षाने मेंढी सोडली, खोपटाला टेकवलेली दुसरी काठी घेतली आणि आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बोलता बोलता तिचा डावा तळवा आपोआप वर गेला आणि उजव्या गुडघ्याला टेकला. सावल्यासुद्धा सारख्या पडल्या होत्या. आणि मग मला एकेक आठवायला लागलं: बस थांब्यावर ती अशीच उभी असते. माझ्या ओट्याशी शेंगदाणे खाताना अशीच. हॉलमध्ये आपली पाळी येईपर्यंत भिंतीला टेकून अशीच. चालायला लागल्यापासून ती उजव्या पायावर विसावत आली होती, कारण आजी उजव्या पायावर विसावते.

मला इतका आनंद झाला की मी जागच्या जागी टाळी वाजवली. कुत्री भुंकायला लागली. शहाण्या माणसाने त्या वेळी तोंड मिटलं असतं. मी साताऱ्याच्या एसटीत बसेपर्यंत कसंबसं मिटलं आणि गाडी हलताच तिला सगळं सांगितलं.

उत्कर्षा खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या आजीनं माझा गुडघा घालवला?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"असंच म्हटलं. बाई, तिनं मला पाठीवर बांधून जत ते कोकण चालत नेलंय. तुमी तिच्या हुभं ऱ्हाण्यात खोट काढताय." तिचे डोळे भरले होते. "आन उद्या माझी निवड हाय. आज सांगून काय उपेग? एका रात्रीत डावा पाय कामाला लागतोय का?"

लागत नाही. तिचं खरं होतं, आणि मला फार वाईट वाटलं. मी कोडं सुटल्याच्या आनंदात होते. तिच्या दृष्टीने ते कोडं नव्हतंच, तिचा पाय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या हॉलमध्ये मी मागच्या खुर्चीवर बसले. पहिल्या प्रकारात, एका झटक्यात वजन डोक्यावर न्यायचं असतं त्यात, उत्कर्षा छान गेली. दुसऱ्या प्रकारात बार आधी खांद्यापर्यंत ओढून खोल बैठकीत झेलायचा, मग उठायचं, मग वर ढकलायचा. पहिलं वजन निघालं. दुसऱ्या वेळी वजन वाढवलं. तिने बार झेलला, खोल बसली आणि उठायला लागली. अर्ध्यावर कंबर उजवीकडे सरकली. तिने मुद्दाम डाव्या पायावर जोर द्यायचा प्रयत्न केला हे मला दिसलं. पाय थरथरला, आणि तिने बार समोर टाकून दिला. तो दणका मी अजून विसरले नाही.

अजून एक संधी शिल्लक होती. दिग्विजय सर तिच्याकडे धावले. "काय झालं? निघालं होतं की! जा, परत घे."

ती गेली नाही. गुडघ्याचा पट्टा सोडला, सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, माझा गुडघा दुखतोय. श्रावणापासनं."

"श्रावणापासून? आणि मला आज सांगतेस?"

"तुमी नाव खोडता म्हणून."

सरांनी हातातला पट्टा उलटसुलट केला. वाईट माणूस नव्हता तो. मोठ्या आवाजाचा होता एवढंच. पट्टा गुंडाळत ते बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि पंचांना हाताने खूण केली की ही आता उचलणार नाही. संघात तिचं नाव लागलं नाही.

परतीच्या गाडीत उत्कर्षा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. तिला वाटलं होतं, आता सामान बांधायचं.

सांगलीला आल्यावर मी फिजिओथेरपीच्या बाईंकडे तिला घेऊन गेले आणि माझा शोध त्यांच्यासमोर मोठ्या दिमाखात मांडला. त्यांनी तिला एका एका पायावर बसवून पाहिलं. उजव्यावर ती सहज बसली. डाव्यावर निम्म्यातच कोलमडली. "नुसत्या उभं राहण्याने हे झालं असं काही मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "कारणं चार असतात. पण डावी मांडी आणि कंबर कमजोर आहे, आणि त्याचं काम उजवा गुडघा करतोय, हे खरं. डाव्याला कामाला लावू. वेळ लागेल."

माझा दिमाख जरा उतरला, पण फार नाही.

राहता राहिला भाऊसोंचा शब्द. उत्कर्षाने घरी फोन करायची हिंमत होत नाही म्हटल्यावर मीच केला. उचलला बनाबाईंनी. मी निवडीचं सांगितलं, फिजिओथेरपीच्या बाईंचं सांगितलं आणि बोलण्याच्या भरात, उत्कर्षाने शपथ घातली होती तरी, ते उभं राहण्याचंही सांगून बसले. तोंडाला कुलूप नाही ते नाहीच.



"म्हंजी माजं बघून?" बनाबाईंनी विचारलं.

"अहो, तसं नव्हे, कारणं चार असतात..."

"बारक्यापणी ती डाव्यावर बी हुबी ऱ्हायची," त्या म्हणाल्या. "मीच पाय बदलाय लावला. म्हणलं, माज्यागत ऱ्हा. दोघी एकीवाणी दिसू." मग एकदम करड्या आवाजात, "पोरगी तितंच ऱ्हाईल. भाऊसोला मी बगते. तुमी तिचा पाय बगा."

भाऊसोंना त्यांनी कसं बघितलं ते मला कळलं नाही, पण पोरगी राहिली.

ते वर्ष डाव्या पायाचं गेलं. जिना चढायचा डाव्याने. दात घासायचे डाव्या पायावर उभं राहून. डाव्या पायावर हळू बसायचं, हळू उठायचं, आधी खुर्चीचा आधार घेऊन, मग नुसतं. शेंगदाणे मागायला आली आणि डावा तळवा वर गेला की मी लाटणं आपटायची, "डावा!" ती दचकून पाय बदलायची. दिग्विजय सरांनी तिचं वजन निम्म्यावर आणलं आणि हॉलच्या दाराशी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: दुखलं तर सांगा. त्याखाली कुणीतरी खडूने हसरा चेहरा काढला; तो त्यांनी पुसला नाही.

आवाज गेला नाही. परसात बैठका चालायच्या आणि खिडकीतून कट यायचं.

"दुखतंय का?" मी आतून ओरडायची.

"हाय जरा!"

मग कधीतरी, "लय न्हाई!"

आणि होळी होऊन गेल्यावर, आंब्याच्या दिवसांत, एका सकाळी: कट. "दुखतंय का?" पुन्हा कट. पुन्हा कट. मग ती खिडकीत येऊन उभी राहिली, घामाने निथळत. "बाई, न्हाई दुखत." मी तिला आत बोलावलं आणि तिच्या तोंडात गूळ घातला. पण निवडीच्या वजनाला ते टिकेल का, हे त्या वजनाखालीच कळणार होतं.

पुन्हा मार्गशीर्ष, पुन्हा सातारा. वाडा पुन्हा कराडकडे बसला होता आणि या वेळी बनाबाई स्वतः आल्या. दारावरच्या रखवालदाराने काठी बाहेर ठेवायला सांगितली. "आन तू तुजा पाय भाईर ठेव," त्या म्हणाल्या आणि काठीसकट आत आल्या. मी शेजारची खुर्ची पुढे केली. नको म्हणाल्या, खुर्चीत त्यांना पडल्यासारखं वाटतं. माझ्या बाजूला भिंतीशी उभ्या राहिल्या.

बराच वेळ गेला. दुसऱ्या मुली वजनं उचलत होत्या. बनाबाईंकडे सहज लक्ष गेलं आणि माझं नाक लगेच जागं झालं. काहीतरी वेगळं होतं. काठी काखेशी होती, हनुवटी काठीवर होती. पण दोन्ही पावलं जमिनीवर होती, शेजारी शेजारी, कवायतीतल्यासारखी. डाव्या पायाची टाच मधूनच थरथरत वर व्हायची, आणि त्या दाबून ती खाली टेकवायच्या. कपाळावर घाम होता. हॉलमध्ये तर पंखे चालू होते.

"बनाबाई, पाय दुखतायत का? बसा की जरा."

"न्हाई."

"मग एका पायावर तरी..."

"मास्तरीणबाई, बिरोबाला बोल्लेय." त्या समोरच बघत होत्या. "पोरीचा गुडगा धड व्हईस्तवर हुबी असताना डावा पाय वर घ्यायचा न्हाई."

"कधीपासून?"

"तुमचा फोन आल्याला न्हवं का? तवापासनं."

उभा जन्म जी बाई एका पायावर विसावली, ती माझ्या एका फोनपासून, रानात, बांधावर, रोजचा दिवसभर विसाव्याशिवाय उभी होती. आणि हे नातीला ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण नजर हलवली नाही.

उत्कर्षाचं नाव पुकारलं गेलं. तेच वजन, जे गेल्या वर्षी टाकलं होतं. तिने हाताला पांढरी भुकटी चोळली, बार पकडला आणि ओढला. झेलला. खोल बसली. ती उठायला लागली, अर्ध्यावर आली, आणि मी कंबरेकडे बघत होते, कंबर जागची हलली नाही. सरळ. दोन्ही पाय सारखे कापत होते, आणि दोन्ही पाय सारखे उठले. मग बार डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे तिन्ही पंचांनी उचल मान्य केली. दिग्विजय सर एवढ्या मोठ्याने ओरडले की पंचांनी वळून पाहिलं. सायंकाळी संघाची यादी लागली आणि तिच्यात उत्कर्षाचं नाव होतं, पण ते सायंकाळी.

तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, रडत होते आणि बनाबाईंना हलवत होते, "उचललं! उचललं हो तिने!"

"ते दिसलं," बनाबाई म्हणाल्या. "दुखलं का ते इचारा."

उत्कर्षा धावत आमच्याकडे आली. हात पांढरे, तोंड लालबुंद. आजीने तिला जवळ येऊ दिलं नाही. काठी मध्ये धरून थांबवलं.

"गुडगा दुखला?"

"न्हाई, आजे."

"माजी आण?"

"तुझी आण. वाजला नुसता."

बनाबाईंनी मान हलवली. काठी काखेशी घेतली, हनुवटी तिच्यावर टेकवली, आणि डावा पाय हळूहळू जमिनीवरून उचलून तळवा उजव्या गुडघ्याला लावला. डोळे मिटले.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," त्या पुटपुटल्या. मग नातीला म्हणाल्या, "तू न्हाई गं. तू दोनी पायावर हुबी ऱ्हा."